मस्टर, पंचनामा आणि भरपाई: वाचकांचे प्रश्न

दुकान कायद्यातली दुरुस्ती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या चार कामगार संहिता आणि खड्ड्यांबद्दलचा उच्च न्यायालयाचा आदेश यांवर या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: माझं कापडाचं दुकान आहे, १४ माणसं कामाला आहेत. आता वीसपेक्षा कमी कामगार असलेल्यांना दुकान कायदा लागू नाही, असं आमचे हिशेबनीस म्हणतात. मग मस्टर, ओव्हरटाइम हे सगळं बंद करायचं का? (एक दुकानदार, इचलकरंजी)

उत्तर: हिशेबनीसांनी सांगितलं ते अर्धंच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातली मर्यादा २०२५ च्या दुरुस्तीने दहावरून वीसवर गेली. तुमच्यासारख्यांना आता त्या कायद्याखाली नोंदणी लागत नाही, फक्त व्यवसायाची ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पण ‘दहा’चा आकडा बाकी कायद्यांतून गेलेला नाही, आणि घोळ होतो तो इथेच.

किमान वेतन एका कामगारापासून लागू आहे. दहा कामगार झाले की कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआयसी, लागतं (मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी), ग्रॅच्युइटी लागते, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. ही समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. केंद्राची व्यावसायिक सुरक्षा संहिताही दहा कामगारांपासूनच सुरू होते, आणि तिच्यात प्रत्येकाला लेखी नियुक्तीपत्र सक्तीचं आहे. पीएफ मात्र वीसला. थोडक्यात, राज्याच्या एका कायद्यातून सुटलात म्हणून केंद्राच्या कायद्यांतून सुटला नाहीत. मस्टर चालू ठेवा. उद्या अपघात झाला तर ‘हा माणूस माझ्याकडे त्या दिवशी कामावर होता किंवा नव्हता’ हे त्याच वहीवरून ठरणार आहे.

मोजताना आणखी एक चूक होते. एजन्सीकडून आलेला पॅकिंगचा मुलगा कामगारांत मोजला जातो; कायद्याप्रमाणे नोंदवलेला शिकाऊ उमेदवार मोजला जात नाही. दिवाळीत चार-सहा माणसं वाढवली आणि वीसचा आकडा गाठला, तर पूर्ण कायदा लागतो. तेव्हा दिवसाला जास्तीत जास्त १० तास, आठवड्याला ४८, सहा तासांनंतर विश्रांती आणि तीन महिन्यांत ओव्हरटाइम १४४ तासांपर्यंत, असे आकडे आहेत. ओव्हरटाइमची मर्यादा पूर्वी १२५ तास होती. मर्यादा वाढली तरी दर दुप्पटच आहे. ओव्हरटाइमऐवजी ‘पुढच्या आठवड्यात उशिरा ये’ असं सांगून भागत नाही.

प्रश्न: मी सात कामगारांच्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर होतो. पगार १८,००० रुपये, वय ३०. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर्जनीची दोन पेरं गेली. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, ४०,००० रुपये हातात दिले आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. आता काही करता येतं का? (एक कामगार, भोसरी)

उत्तर: येतं. तुमचा अपघात २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीचा आहे, त्यामुळे त्याला १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा लागतो. कामगार दहापेक्षा कमी, म्हणजे ईएसआयसी नाही. ईएसआयसी असतं तर दावा तिकडे गेला असता आणि या कायद्याचा रस्ता बंद झाला असता.

आधी हिशेब करू. कायम अपंगत्वासाठी मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक, गुणिले अपंगत्वाची टक्केवारी. वेतन कितीही असलं तरी हिशेबासाठी १५,०००च धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची आहे. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. तिसाव्या वर्षाचा गुणांक २०७.९८. गुणाकार येतो १८,७१,८२०. तर्जनीची दोन पेरं गेली तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ११ टक्के लिहिलेले आहेत. म्हणजे तुमची भरपाई २,०५,९०० रुपये. पूर्ण बोट गेलं असतं तर १४ टक्के, एकच पेर गेलं असतं तर ९, आणि हाड शाबूत राहून फक्त टोक कापलं असतं तर ५.

या टक्क्यांमुळेच केस पेपर नीट पाहून घ्या. पुष्कळ दवाखान्यांत ‘तर्जनीला चिरडल्याची जखम’ एवढंच लिहितात. कोणत्या सांध्यापासून कापलं ते लिहिलं नसेल, तर समोरचा वकील एकाच पेराचं धरून बोलतो. ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड मागून घ्या, आणि सांध्याचा उल्लेख नसेल तर डॉक्टरांकडून लेखी घ्या.

आता स्टॅम्प पेपर. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्यात रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद भरपाई आयुक्तांकडे करावी लागते. मालकाने तसं केलेलं नसेल, तर त्याच्यावर पूर्ण रकमेची जबाबदारी राहते, आणि दिलेल्या ४०,००० पैकी साधारणतः निम्म्याहून जास्त, म्हणजे २०,००० च्या वर, त्याला वळते करता येत नाहीत. दवाखान्याचा खर्च त्याने वेगळाच सोसायचा असतो, तो यात धरायचा नाही. अपघातानंतर महिन्याच्या आत रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

मालक बहुधा म्हणेल की कामगाराने गार्ड काढून ठेवला होता. हे उत्तर हलक्यात घेऊ नका. कामगाराने मुद्दाम सुरक्षा साधन काढलं असेल, तर मृत्यू आणि संपूर्ण कायम अपंगत्व सोडून इतर दुखापतींत मालक खरोखर सुटू शकतो. पण प्रेसवर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. दोन हातांनी दाबायची बटणं असतात. नगांचा वेग वाढावा म्हणून त्यातलं एक तारेने बांधून टाकतात, किंवा पायाच्या पॅडलवर मशीन चालवतात आणि डायखालचा तुकडा हाताने काढतात. हे सुपरवायझरसमोर रोज चालत असेल तर तो ‘कामगाराचा हट्ट’ राहत नाही. बाजूच्या मशीनवरचे दोन कामगार साक्षीला उभे राहिले तर हा बचाव टिकणं अवघड. मशीनचा फोटो मिळाला तर उत्तम, पण गाळ्यात अपघातानंतर गार्ड दुसऱ्याच दिवशी बसतो.

अर्ज अपघातापासून दोन वर्षांत करायचा. काही जिल्ह्यांत कामगार न्यायालय आयुक्ताचं काम पाहतं, काही ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश. पगार स्लिप नसेल तर बँकेत जमा झालेला पगार, गाळ्याच्या वहीवरची उचल, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, असलं काहीही चालतं.

प्रश्न: माझे पती (वय ३८, पगार २३,०००, कायम नोकरी) ऑगस्ट २०२५ मध्ये रात्रपाळीला मोटरसायकलवरून जाताना ट्रकच्या धडकेत गेले. कंपनी म्हणते, गेटच्या बाहेर झालं म्हणजे आमची जबाबदारी नाही. ट्रक सापडला आहे. सहा महिने उलटून गेले आहेत. घरी मी, दोन मुलं आणि सासूबाई. (एक वाचक, वाळूज)

उत्तर: कंपनीचं म्हणणं आता टिकत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रात्रीचा पहारेकरी पहाटेच्या पाळीला निघाला होता आणि कामाच्या जागेपासून सुमारे ५ किलोमीटरवर अपघातात गेला. २००३ सालच्या या प्रकरणात उच्च न्यायालयाने भरपाई रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती परत दिली आणि स्पष्ट केलं की घर ते काम या वाटेवरचा अपघातही कामाशी जोडला जाऊ शकतो, मात्र वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशा प्रवासाची तरतूद आहे. म्हणून पाळीचं वेळापत्रक, आदल्या दिवसांचं मस्टर आणि नेहमीचा रस्ता हे पुरावे जपा. वाटेत भलतीकडे वळून दोन तास थांबलेला माणूस आणि सरळ कामावर निघालेला माणूस, यांत न्यायालय फरक करतं.

पण मोटार वाहन कायद्याप्रमाणे मृत्यूची भरपाई कर्मचारी भरपाई कायदा किंवा मोटार अपघात न्यायाधिकरण, यांपैकी एकाच वाटेने मागता येते, दोन्हींकडे नाही. त्यामुळे आधी दोन्ही हिशेब मांडून पाहा.

कर्मचारी भरपाईत मृत्यूसाठी वेतनाचे ५० टक्के: १५,००० चे ७,५००, गुणिले ३८ व्या वर्षाचा गुणांक १८९.५६. म्हणजे १४,२१,७०० रुपये. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही.

न्यायाधिकरणात १५,००० ची मर्यादा नाही. २३,००० गुणिले १२ म्हणजे २,७६,०००. कायम नोकरी आणि चाळिशीच्या आत वय, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के मिळवले की ४,१४,०००. चार अवलंबित आहेत म्हणून स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: ३,१०,५००. या वयाला गुणक १५. येतात ४६,५७,५०० रुपये, शिवाय अंत्यसंस्कार वगैरेंच्या ठरावीक रकमा वेगळ्या. मात्र ट्रकचालकाची चूक दाखवावी लागते, आणि तुमच्या पतींचीही थोडी चूक होती असं ठरलं तर तेवढे टक्के कापले जातात.

ट्रक सापडला आहे, विमा आहे, पंचनाम्यात ट्रक चुकीच्या बाजूला दिसतो, अशी परिस्थिती असेल तर दुसरी वाट धरा. पंचनाम्यात काही धड नसेल, साक्षीदार नसेल, तर पहिली. हा निर्णय घाईने घेऊ नका, कारण एक दावा चालवून घेतला की दुसरीकडे वळता येत नाही.

सहा महिन्यांबद्दल: १ एप्रिल २०२२ पासून न्यायाधिकरणात जाण्याची मुदत सहा महिने आहे हे खरं. पण तिच्या वैधतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि ७ नोव्हेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने, मुदत संपली एवढ्याच कारणाने दावे फेटाळू नयेत असं सांगितलं आहे. अंतरिम आदेश म्हणजे कायमचं छत्र नव्हे; या आठवड्यातच अर्ज तयार करा. पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवलेला अपघात अहवालही दावा म्हणून धरता येतो. ठाण्यातून त्याची प्रत आणि तो न्यायाधिकरणात गेल्याची तारीख मागून घ्या.

प्रश्न: खड्ड्यात स्कूटर आपटून माझ्या मुलीचा खांदा मोडला. दुसऱ्या कुठल्याच गाडीचा संबंध नाही. विमा कंपनी नाही म्हणते. (एक पालक, डोंबिवली)

उत्तर: विमा कंपनीचं नियमाने बरोबर आहे. थर्ड पार्टी विमा समोरच्यासाठी असतो. स्वतः चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळं असतं, आणि तेही मृत्यू किंवा कायम अपंगत्वासाठी. मोडून जुळलेल्या खांद्याला त्यातून काही मिळत नाही.

तुमची वाट वेगळी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या अपघातांसाठी रक्कम ठरवून दिली: मृत्यूला ६ लाख, दुखापतीला तिच्या गांभीर्याप्रमाणे ५०,००० ते अडीच लाख. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव अशी समिती निर्णय घेते. नगरपरिषदेत आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी. रस्ता एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), सार्वजनिक बांधकाम किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर त्या-त्या संस्थेचे प्रमुख. ही भरपाई इतर कायद्यांतल्या हक्कांव्यतिरिक्त आहे. दाव्यानंतर ६ ते ८ आठवड्यांत रक्कम दिली नाही तर ९ टक्के व्याज, आणि जबाबदारी संबंधित अधिकाऱ्यांवर व्यक्तिशः.

कागदावर हे सोपं दिसतं. बहुतेक दावे अडतात ते पहिल्याच संध्याकाळी. दवाखान्यात विचारतात ‘काय झालं?’, घाबरलेला नातेवाईक म्हणतो ‘गाडीवरून पडली’, आणि केस पेपरवर तेवढंच राहतं. खड्डा हा शब्दच नाही. मग महापालिका म्हणते, तोल गेला असेल. म्हणून दाखल करतानाच ‘अमुक रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक अडकून’ असं लिहून घ्या आणि एमएलसी (पोलिसांत कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद) करायला सांगा, म्हणजे पोलिसांना कळवलं जातं. पोलिसांचा जबाब आणि घटनास्थळ पंचनामा झालाच पाहिजे.

फोटो लगेच काढा. तक्रार गेली की रातोरात खडी-डांबर पडतं, आणि गंमत अशी की एरवी महिनोन्‌महिने न बुजणारा खड्डा अपघातानंतर मात्र तत्परतेने बुजतो. एक फोटो जवळून, खड्ड्याची खोली कळेल असा (शेजारी हेल्मेट किंवा पाण्याची बाटली उभी करा). दुसरा लांबून, दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा नंबर दिसेल असा. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. तुमच्या बाबतीत खड्डा बुजला असेल तर नव्या डांबराच्या ठिगळाचाही फोटो काढा, तेही सांगतं. आजूबाजूच्या दुकानदारांकडे सीसीटीव्ही मागा. बऱ्याच ठिकाणी चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं.

रस्ता नक्की कोणाचा, हा दुसरा अडसर. कल्याण-डोंबिवलीसारख्या भागात एकाच रस्त्याचे तुकडे वेगवेगळ्या संस्थांकडे असतात आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अर्ज महापालिका आयुक्तांना लिहा, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना, ठाणे न्यायालयात. दोन्हीकडची पोच घ्या. रस्ता आपला नसल्याचं पालिकेने म्हटलं तर ते लेखी मागा आणि तोच कागद जोडून पुढच्या संस्थेकडे जा.

प्रश्न: वडिलांना महामार्गावर अज्ञात गाडीने उडवलं. पाय मोडला. दवाखाना आधी अनामत रक्कम मागतो आहे. (एक वाचक, संगमनेर)

उत्तर: मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार मिळतात, विमा असो वा नसो. अट एवढीच की दवाखाना योजनेतला हवा. नसेल तर तो प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार करतो आणि पुढे पाठवतो. ११२ वर फोन करून जवळचा योजनेतला दवाखाना विचारा. पोलिसांकडे अपघाताची नोंद झाली नाही तर दवाखान्याचा दावा अडतो, आणि मग तो तुमच्याकडेच पैसे मागतो.

गाडी सापडलीच नाही तर ‘हिट अँड रन’ योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. हाड मोडणं गंभीर दुखापतीत येतं. अर्ज अपघात जिथे झाला तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे किंवा तहसीलदारांकडे करा. एफआयआर, दवाखान्यात दाखल केल्याचे कागद, आधार आणि बँक पासबुक जोडा. एफआयआरमध्ये ‘अज्ञात वाहन’ हे शब्द असू द्या. पुढे गाडी सापडून न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

प्रश्न: आमच्या सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करायला ठेकेदार दोन माणसं उतरवतो. काही झालं तर जबाबदारी त्याचीच ना? (सचिव, वसई)

उत्तर: माणूस आत उतरवूच नका. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा आहे: पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. थेट कामाला लावणाराच नव्हे, कोणामार्फत लावणाराही यात येतो, त्यामुळे ‘ठेकेदाराला सांगितलं होतं’ म्हणून सोसायटी सुटत नाही. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख, असा आकडा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे. सक्शन टँकर बोलवा, आणि कार्यादेशात ‘कोणत्याही कारणाने माणूस आत उतरणार नाही’ ही ओळ घाला. गाळ तळाला घट्ट झाला असेल तर ठेकेदार ‘थोडंसंच खाली उतरतो’ म्हणतो. तळाचा गाळ ढवळला की अडकलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. जास्त प्रमाणात त्याचा वासही येईनासा होतो आणि दुसरा माणूस पहिल्याला काढायला उतरून तोही आतच पडतो. गाळ घट्ट असेल तर वरून पाण्याचा झोत मारून पातळ करायला लावा.

प्रश्न: एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळते हे खरं का? मी सहा वर्षं नोकरी करून डिसेंबर २०२५ मध्ये सोडली. एकूण पगार ३६,०००, त्यात मूळ पगार व डीए (महागाई भत्ता) १४,०००. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: एका वर्षाची सवलत ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांनाच. कायम नोकरीत पाच वर्षंच. तुमची सहा भरली आहेत, तेव्हा तो प्रश्न नाही.

नव्या संहितांमुळे तुमच्यासाठी बदल वेतनाच्या व्याख्येत आहे. घरभाडे, प्रवासभत्ता वगैरे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. तुमचे भत्ते २२,०००, निम्मे होतात १८,०००, म्हणजे ४,००० परत वेतनात. हिशेब १४,००० वर नाही, १८,००० वर. १८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ६: सुमारे ६२,३०८ रुपये. जुन्या पद्धतीने ४८,४६२ झाले असते. कंपनीने जुना आकडा दिला असेल तर लेखी मागणी करा. ग्रॅच्युइटी देण्याची मुदत ३० दिवसांची. राहिलेला पगार मात्र नोकरी सोडल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा होता. ‘फुल अँड फायनल पुढच्या पगाराबरोबर’ हे वाक्य २१ नोव्हेंबरनंतर चालत नाही, तरी एचआरकडून ते अजून ऐकू येईलच. ईमेलवर मागा, तोंडी नको.